मुंबई ते न्यूयॉर्क: किती किलोमीटर, किती तास, आणि तिकिटावरचे आकडे वाचायचे कसे

आमच्या काकांचं तिकीट आलं तेव्हा त्यांचा पहिला फोन मला, "अरे, रात्री २ ला मुंबईहून सुटतंय आणि सकाळी साडेसातला न्यूअर्कला पोचतंय, म्हणजे साडेपाच तासच ना? मग लोक उगाच सोळा तास सोळा तास काय म्हणतात?" मी म्हटलं काका, तिकडचे साडेसात आणि आपले साडेसात एक नाहीत. त्यावर ते दोन मिनिटं गप्प, आणि मग "हां, ते राहिलंच की."

हसू नका, पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघालेल्या दहातल्या सात-आठ जणांचा गोंधळ इथेच होतो. लेक न्यू जर्सीत, जावई न्यू जर्सीत, आईबाबा पुण्यात नाहीतर डोंबिवलीत, आणि तिकीट काढणारा तिसराच कुणीतरी. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू. उदाहरण मुंबई-न्यूयॉर्कचंच घेतोय कारण आपल्याकडून पुष्कळ लोक त्या बाजूला जातात, पण हीच रीत टोरांटोला चालेल, सिडनीला चालेल, कुठेही.

पहिलं काम: नेमका विमानतळ कुठला ते बघा

शहराचं नाव बघून थांबू नका, तीन अक्षरी कोड बघा. मुंबईचा बीओएम, शहराचं नाव बदललं तरी कोड अजून बॉम्बेचाच आहे. नवी मुंबईचा नवा विमानतळ वेगळा, त्याचा कोड एनएमआय, आणि पनवेलजवळून सहारचा जुना मुंबई विमानतळ गाठायला किती वेळ लागतो ते तिकडचे लोक सांगतीलच. गोव्यात दोन, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, एक दक्षिणेला एक पार उत्तरेला. आणि न्यूयॉर्क म्हणून जे काही दाखवतात त्यात जेएफके असतो, लाग्वार्डिया असतो आणि न्यूअर्क पण असतो, जो खरं तर न्यू जर्सी राज्यात आहे, त्याचा कोड ईडब्ल्यूआर. लेक एडिसनला राहत असेल तर न्यूअर्क म्हणजे घराजवळ, जेएफके म्हणजे अख्खं न्यूयॉर्क ओलांडून यायचं. तिकीट तीन हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून जेएफके घेतलं आणि मग जावयाचे अडीच तास ट्रॅफिकमध्ये गेले, असं होतं.

दुसरं: अंतर. आणि इथे नकाशा फसवतो

भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्कला पट्टी लावून रेघ मारली तर ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडून जाते. दिसायला एकदम सरळ. पण तसं विमान नेलं तर जवळपास १४,२०० किलोमीटर होतात. खरं कमीत कमी अंतर साधारण १२,५५० आहे. म्हणजे जी रेघ सरळ दिसते तीच सोळाशे किलोमीटरनी लांबची.

कारण पृथ्वी गोल आहे हे आपल्याला माहीत असतं पण पटलेलं नसतं. घरात मुलांचा ग्लोब असेल तर घ्या आणि एक दोरा घ्या, शिवणाचा चालेल. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणून धरा. दोरा आपोआप वर सरकतो बघा, सिंधवरून, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलंडच्या दक्षिण भागावरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडात लॅब्राडोरवर उतरतो आणि तिथून खाली न्यूयॉर्क. भूगोलाच्या पुस्तकात बृहत्वृत्त म्हणून जे पाठ केलं होतं ना, ते हेच.

आणि त्याच दोऱ्यानं अंतरही काढता येतं. आमच्या घरातल्या छोट्या ग्लोबला विषुववृत्तावर दोरा गुंडाळला तर ६३ सेंटिमीटर भरला, आणि मुंबई ते न्यूयॉर्क २० सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर धरा ४०,००० किलोमीटर. २० भागिले ६३ गुणिले ४०,०००, आलं १२,७००. दीडशे किलोमीटरची चूक, ती पण दोऱ्याच्या गाठीची असेल. एवढं कशाला करायचं, नेटवर टाकलं की येतं, बरोबर आहे, पण एकदा हातानं केलं की मग टीव्हीवरच्या नकाशात विमान बर्फाकडे का चाललंय म्हणून कुणी घाबरत नाही. आमच्या मावशीनं खरंच एअर होस्टेसला बोलावून विचारलं होतं.

नेटवर बघणार असाल तर एकच सांभाळा, आकडा कशात आहे ते बघा. किलोमीटरमध्ये १२,५५०, मैलात साधारण ७,८००, आणि नॉटिकल मैलात पावणेसात हजारांच्या आसपास, तिन्ही बरोबर आहेत. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२. लोक मैलांचा आकडा घेतात, त्याला किलोमीटरच्या वेगानं भागतात आणि मग नऊ-दहा तासात अमेरिका आणतात.

तिसरं: अंतरावरून तास

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. पण चढायला, उतरायला, वळसे घालायला वेळ जातो, म्हणून मी घरगुती हिशोब असा करतो: किलोमीटरला ८५० नं भागायचं आणि वर अर्धा तास टाकायचा. १२,५५० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तास, अधिक अर्धा, सव्वापंधरा. हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. पण तिकिटावर सोळा किंवा त्याहून जास्त दिसेल आणि येताना चौदाच्या आसपास. जाता-येता अंतर तेच, मग दीड-दोन तास कुठे गेले?

वाऱ्यात गेले. विमानं ज्या उंचीवर उडतात, दहा-अकरा किलोमीटर, तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम, हिवाळ्यात तर ताशी २०० किलोमीटरच्या वर पण जातात. अमेरिकेला जाताना ते तोंडावर येतात, परत येताना पाठीशी असतात. काकांनी इथेही शंका काढलीच, की पृथ्वी फिरतेच आहे तर विमान नुसतं वर उभं राहिलं तर अमेरिका आपोआप खाली येईल की. नाही येणार काका, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, नाहीतर गच्चीवर वाळत घातलेले कपडे कधीच उडून गेले असते.

वाऱ्याची गंमत बघायची तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्या. एअर इंडियाची ही फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेली, अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, आणि पोचली साडेचौदा तासात, म्हणजे आधीपेक्षा लवकर! चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन. म्हणून नुसतं अंतर बघून वेळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, वारा कुठल्या बाजूचा ते विचारा.

दुसरी भानगड म्हणजे आकाश कुणाचं. वर दोऱ्यानं जे देश मोजले ते परत बघा. पाकिस्ताननं २०१९ मध्ये बालाकोटनंतर जवळपास साडेचार महिने आपलं आकाश बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतीय कंपन्यांसाठी परत बंद केलं. रशियाचं २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद, आपल्या कंपन्यांना उघडं. म्हणजे दोऱ्यावर जी सरळ वाट दिसते त्या वाटेनं जाणं कुणाला जमतं कुणाला नाही, आणि मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून आखाताच्या बाजूला वळून मग वर युरोपात चढतं. २०२५ मध्ये तर आपल्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइट इंधन भरायला व्हिएन्ना नाहीतर कोपनहेगनला थांबत होत्या. तेव्हा दोरा सांगतो ते कमीत कमी, खरं अंतर त्याच्या वरच.

मग आज नक्की किती लागतात हे कसं कळणार? फ्लाइट नंबर घ्या, फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर टाका, मागच्या आठवड्यात रोज किती वाजता उडालं आणि किती वाजता टेकलं ते दिसतं. सात दिवसांचे आकडे बघितले की तिकिटावरच्या आकड्यापेक्षा जास्त समजतं. तिकिटावरचा वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो, त्यात रनवेच्या रांगेत उभं राहणं पण धरलेलं असतं, म्हणून पायलट "आपला उड्डाणाचा कालावधी" म्हणून जो सांगतो तो नेहमी थोडा कमी असतो.

चौथं: घड्याळ. हे नीट वाचा

तिकिटावर जी वेळ असते ती त्या त्या गावची असते. निघायची वेळ मुंबईची, पोचायची वेळ न्यूयॉर्कची. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी करायची नाही, आधी दोन्ही एका घड्याळात आणायच्या.

भारत आणि न्यूयॉर्क यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेनऊ. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात, आपण काहीच करत नाही, म्हणून फरक बदलतो.

आता काकांचं तिकीट, जानेवारीतलं. १२ तारखेला रात्री २ ला मुंबई सोडली. तेव्हा न्यूयॉर्कात किती वाजलेत? साडेदहा तास मागे, म्हणजे ११ तारखेची दुपार, साडेतीन. तिथून पोचायची वेळ १२ तारखेची सकाळ साडेसात. दुपारी साडेतीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात, सोळा तास. झालं. येताना उलटं, सोमवारी रात्री साडेआठला न्यूअर्क सोडलं तर आपल्याकडे तेव्हा मंगळवार सकाळचे ७, त्यात चौदा तास मिळवा, मंगळवारी रात्री ९ ला मुंबई. तिकिटावर हे सोमवार साडेआठ ते मंगळवार ९ असं, बघितलं तर साडेचोवीस तास वाटतात. तिकिटावर पोचायच्या वेळेच्या बाजूला बारीक अक्षरात अधिक १ लिहिलेलं असतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ते चष्मा लावून बघा.

आणि यातला सगळ्यात महागात पडणारा प्रकार. १२ तारीख, रात्री २. घरातून कधी निघायचं? ११ ला! संध्याकाळी! काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर १२ च्या चौकोनात लाल पेनानं "अमेरिका" लिहून ठेवलं होतं आणि टॅक्सी १२ च्या संध्याकाळी सांगितली होती. १० तारखेला मी सहज विचारलं बॅगा झाल्या का, तर म्हणे अजून दोन दिवस आहेत की. काकूंनी तिथल्या तिथे चिवड्याचं पातेलं गॅसवरून उतरवलं आणि बॅगा बाहेर काढल्या. तेव्हा मध्यरात्रीनंतरची फ्लाइट असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकोनात लिहा, "आज संध्याकाळी निघणे", तारीख-बिरीख काही नको.

पाचवं: थेट की मध्ये थांबून

लोकांना वाटतं मध्ये कुठे थांबलं की अंतर खूप वाढतं. आकडे बघा: लंडनमार्गे सुमारे १२,७५० किलोमीटर, फ्रँकफर्टमार्गे पण तेवढेच, दुबईमार्गे १२,९५० च्या आसपास. थेटपेक्षा दोनशे ते चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे विमानाचा पाऊण तासही नाही. वाढतो तो थांबा. तीन तासांचा थांबा घेतला तर एकूण एकोणीस-वीस तास, आणि स्वस्तात मिळालं म्हणून अकरा तासांचा घेतला तर विमानतळावरच्या खुर्चीत रात्र. पंचवीस वर्षांचे असाल तर घ्या खुशाल. साठीच्या पुढच्यांना माझं मत स्पष्ट आहे, थेट परवडत असेल तर थेट, नाहीतर एकच थांबा, अडीच ते चार तासांचा, आणि दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंगवर. वेगवेगळी तिकिटं जोडून पैसे वाचवायचे उद्योग आईबाबांच्या बाबतीत करू नका, पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी ओळख पण दाखवत नाही. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकीट काढायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

अजून एक, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. अमेरिकेत शिरल्यावर जो पहिला विमानतळ, तिथेच इमिग्रेशन होतं आणि तिथेच बॅगा उचलून कस्टममधून नेऊन परत द्याव्या लागतात, मग पुढची फ्लाइट. म्हणजे मुंबई-न्यूअर्क-शिकागो असेल तर न्यूअर्कला किमान तीन तास हवेत, बॅगेवर शिकागोचा टॅग असला तरी. अबू धाबीमार्गे गेलात तर मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीलाच उरकतात, अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर, पण मग अबू धाबीला थांबा मोठा हवा.

सहावं: दारापासून दारापर्यंत

विमानाचे सोळा तास म्हणजे प्रवास नव्हे. काकांचा हिशोब मी कागदावर मांडून दिला होता तोच देतो. कोथरूडहून संध्याकाळी ५ ला निघणं. मुंबई तीन साडेतीन तासांवर असते म्हणतात, पण खंडाळ्याच्या घाटात एखादा कंटेनर आडवा झाला की सहा, आणि शुक्रवार संध्याकाळ असेल तर कंटेनर आडवा व्हायची पण गरज नाही. वाटेत खालापूरच्या फूड मॉलला वीस मिनिटं, वडापाव, चहा, औषधं. रात्री १० पर्यंत टर्मिनल २. चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी, साडेबारापर्यंत गेटजवळ. २ ला टेकऑफ. तिकडे सकाळी साडेसातला लँडिंग, इमिग्रेशनची रांग आणि बॅगा धरून ९, एडिसनला घरी १०.

तिकडचे सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. आदल्या संध्याकाळी ५ पासून आजच्या रात्री साडेआठपर्यंत, साडेसत्तावीस तास. तिकिटावरचे सोळा आणि हे साडेसत्तावीस, यातला फरक पाय सुजलेले असतात तेव्हा कळतो. म्हणून दर दोन तासांनी उठून मागच्या किचनपर्यंत एक चक्कर, पाणी, सैल कपडे, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. गोळ्यांच्या वेळा बदलायच्या कशा ते निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्या, इन्सुलिन असेल तर नक्कीच. मनगटातलं घड्याळ पोचेपर्यंत भारताच्याच वेळेवर राहू द्यावं, मोबाईल तिकडे उतरल्यावर स्वतः बदलतो, दोन्ही मिळून घोळ होत नाही.

डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी अजून एका गोष्टीची तयारी ठेवा, रात्र संपत नाही. मध्यरात्री २ ला निघता आणि विमान पश्चिमेला पळतंय, म्हणजे सूर्य मागून येतोय आणि तुम्ही पुढे पळताय, त्यात वाट उत्तरेची, जिथे थंडीत दिवसच जेमतेम. खिडकीची पट्टी दर तासाला वर करून बघितली तरी बाहेर काळोख, थेट न्यूअर्कला उतरताना उजाडतं. काकूंनी पहाटेची म्हणून चार वेळा तोंड धुतलं असं काका सांगतात.

घ्यायला येणाऱ्यांसाठी शेवटचं. तिकिटावरच्या पोचायच्या वेळेला गाडी घेऊन उभं राहायचं नाही. फ्लाइट नंबर ट्रॅकरवर टाका, वारा साथीला असेल तर कधी चाळीस मिनिटं आधी येतं, नसेल तर तासभर उशिरा. टेकलं असं दिसलं की मग निघा, व्हीलचेअर घेतली असेल तर रांग लवकर सरकते, नाहीतर टेकल्यापासून बाहेर यायला दीड तास धरा. आणि आईबाबांचा भारतातला नंबर तिथे लागेलच असं नाही, तेव्हा कुठल्या दारापाशी उभं राहायचं ते त्यांना मोठ्या अक्षरात मराठीत लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालून द्या, बाजूला तुमचा तिकडचा नंबर. काकांनी तो कागद दाखवूनच एका गुजराती आजोबांच्या फोनवरून लेकीला फोन लावला होता.